पन्नास कुटुंबांमागे एक पार : खानदेशातील विस्थापित कुटुंबांचा सामाजिक इतिहास

नर्मदा जलविवाद न्यायाधिकरणाने डिसेंबर १९७९ मध्ये जो अंतिम निवाडा दिला, त्यात सरदार सरोवराच्या पाण्याखाली जाणाऱ्या गावांसाठी नव्या वसाहती कशा असाव्यात याचे एक कोष्टकच घालून दिलेले आहे. प्रत्येक कुटुंबाला घरासाठी ६० फूट बाय ९० फुटांचा भूखंड, शंभर कुटुंबांमागे तीन खोल्यांची एक प्राथमिक शाळा, पाचशे कुटुंबांमागे एक पंचायतघर, एक दवाखाना, एक बियाणे-भांडार आणि एक बालोद्यान, पन्नास कुटुंबांमागे पिण्याच्या पाण्याची एक विहीर व तिच्याजवळ हौद, पन्नास कुटुंबांमागे झाडाभोवती बांधलेला एक पार आणि शंभर कुटुंबांमागे एक प्रार्थनास्थळ, असा तो हिशेब होता. त्या काळापर्यंत भारतातील धरणग्रस्तांना बहुधा रोख मोबदला देऊन वाटेला लावले जात असे, हे लक्षात घेतले तर हा निवाडा उदार म्हणावा लागतो, आणि गावाला शाळा-विहिरीइतकीच पाराची आणि देवाचीही गरज असते हे त्याने लेखी मान्य केले, ही गोष्ट लहान नाही. पारावर बसणारी माणसे एकमेकांची कोण लागतात, हा प्रश्न मात्र त्या कोष्टकात कोठेच नव्हता. खानदेशातील विस्थापित कुटुंबांच्या मनावर आणि नात्यांवर जे परिणाम झाले त्यांचा इतिहास मुख्यतः या न विचारलेल्या प्रश्नाचा इतिहास आहे.

येथे खानदेश म्हणजे १९०६ मध्ये पूर्व आणि पश्चिम अशा दोन जिल्ह्यांत विभागला गेलेला आणि पुढे जळगाव व धुळे या नावांनी ओळखला जाऊ लागलेला तापीखोऱ्याचा प्रदेश होय. नर्मदेच्या काठचे अक्कलकुवा आणि अक्राणी हे डोंगरी तालुके १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा निर्माण होईपर्यंत धुळे जिल्ह्यातच होते, त्यामुळे सरदार सरोवराच्या विस्थापनाचा पहिला आणि सर्वाधिक संघर्षाचा काळ हा धुळे जिल्ह्याच्याच इतिहासाचा भाग आहे. १९५१ च्या जिनिव्हा करारानुसार शरणार्थी म्हणजे छळाच्या सार्थ भीतीने स्वतःच्या देशाची सीमा ओलांडून आलेली व्यक्ती. देशांतर्गत उठवली गेलेली धरणग्रस्त कुटुंबे या व्याख्येत बसत नाहीत, आणि १९४७ नंतर पाकिस्तानातून आलेले लोक भारताचे नागरिकच मानले गेल्यामुळे तेही या व्याख्येच्या कडेलाच राहतात. तरीही घर, शेजार, उपजीविका आणि देव ही चारही आधारस्थाने एकदम गमावलेल्या कुटुंबाचे काय होते, हे पाहायचे असेल तर कायद्याने पाडलेला हा भेद बाजूला ठेवावा लागतो. खानदेशाने हे दोन्ही प्रकारचे विस्थापन चाळीस-पन्नास वर्षांच्या अंतराने पाहिले आहे.

पहिले विस्थापन सिंधी कुटुंबांचे. सिंध प्रांत १ एप्रिल १९३६ पर्यंत मुंबई इलाख्याचाच भाग होता, त्यामुळे तेथील हिंदू व्यापारी आणि नोकरदार वर्गाला मुंबई परकी नव्हती. परंतु फाळणीत पंजाब आणि बंगाल यांचे जसे दोन भाग झाले तसे सिंधचे झाले नाहीत, तो सगळाच पाकिस्तानात गेला, आणि म्हणून सिंधी हिंदूंना भारतात स्वतःच्या भाषेचा असा एकही जिल्हा उरला नाही. ६ जानेवारी १९४८ रोजी कराचीत झालेल्या दंगलीनंतर, तोवर थांबून राहिलेली कुटुंबेही निघाली. काही बोटीने मुंबई व काठेवाडच्या बंदरांवर उतरली, काही रेल्वेने खोकरापारमार्गे राजस्थानात आली. मुंबई प्रांताने कल्याण, देवळाली, पिंपरी, कोल्हापूरजवळचे वळिवडे अशा ठिकाणच्या रिकाम्या छावण्या त्यांच्यासाठी उघडल्या आणि त्यांपैकी कल्याणच्या छावणीचेच पुढे उल्हासनगर झाले. छावणीतील रेशनवर फार काळ जगता येत नसल्याने बरीच कुटुंबे रेल्वेच्या फाट्यांवरील बाजारपेठांकडे वळली. जळगावची सिंधी कॉलनी व कंवरनगर आणि धुळ्याचे कुमारनगर या वस्त्या त्याच पांगापांगीतून उभ्या राहिल्या.

या कुटुंबांनी जे गमावले त्याची मोजदाद करण्याचा प्रयत्न शासनाने केला. १९५० च्या कायद्याने मागे राहिलेल्या स्थावर मालमत्तेचे दावे नोंदवून घेतले गेले आणि १९५४ च्या विस्थापित व्यक्ती (नुकसानभरपाई व पुनर्वसन) अधिनियमाने त्या दाव्यांवर भरपाई ठरली, तीही दावा जितका मोठा तितके प्रमाण कमी अशा उतरत्या श्रेणीने. ज्यांच्याकडे कागद नव्हते, किंवा जे भाड्याच्या घरात राहून उधारीवर धंदा करत होते, त्यांच्या हाती यातून फारसे काही पडले नाही. अशा कुटुंबांना तारले ते त्यांच्याबरोबर चालत आलेल्या एका संस्थेने. सिंधमध्ये प्रत्येक गावच्या हिंदूंची स्वतःची पंचायत असे आणि तिचा प्रमुख मुखी म्हणून ओळखला जाई. गाव सुटले तरी ही पंचायत सुटली नाही. नव्या शहरात पूज्य सिंधी पंचायत स्थापन झाली, लग्ने तिच्या मध्यस्थीने जमली, भांडणे तिच्यापुढे मिटली, आणि दुकान काढायला लागणारे पहिले भांडवल जातभाईंच्या विश्वासावर उभे राहिले. जळगावातील कंवरनगराला ज्या संत कंवररामांचे नाव आहे, त्यांची १ नोव्हेंबर १९३९ रोजी सिंधमध्ये हत्या झाली होती. त्यांच्या नावाने खानदेशात वस्ती वसवणे म्हणजे मागे राहिलेल्या श्रद्धास्थानाला नव्या भूमीत पत्ता मिळवून देणे होते. चेटीचंडला, म्हणजे सिंधी नववर्षाला, निघणारी झुलेलाल या दैवताची मिरवणूकही स्वातंत्र्योत्तर काळातच एवढ्या सार्वजनिक स्वरूपात आली, कारण विखुरलेल्या समाजाला सगळ्यांचा मिळून एक दिवस हवा होता.

याचा अर्थ या कुटुंबांवर मानसिक आघात झाला नाही असा नव्हे. त्याने वेगळे रूप घेतले, एवढेच. ज्या पिढीने सिंध पाहिला ती त्याविषयी घरात फार बोलली नाही. मागे राहिलेल्या हवेलीचे वर्णन क्वचित आणि निघण्याच्या रात्रीचे वर्णन त्याहून क्वचित होत असे. स्त्रियांनी पापड-लोणची करून विकायला सुरुवात केली आणि उंबऱ्याबाहेरची कमाई ज्यांच्या सासूने कधी पाहिली नव्हती त्या घरांत स्त्रीचा शब्द वजनदार झाला, मात्र ज्येष्ठ पुरुष, विशेषतः जमीनदारी गेलेले, दुकानाच्या कोपऱ्यात निरुपयोगी होऊन बसले. सर्वांत खोल नुकसान भाषेचे झाले. १८५३ पासून रूढ झालेल्या अरबी धाटणीच्या बावन्न अक्षरांच्या लिपीत आजोबा लिहीत, तर नातू मराठी किंवा हिंदी शाळेत देवनागरी शिकत होता. अरबी लिपी ठेवावी की देवनागरी घ्यावी या वादात समाजाची बरीच वर्षे गेली आणि १० एप्रिल १९६७ रोजी सिंधी भाषेला संविधानाच्या आठव्या अनुसूचीत स्थान मिळेपर्यंत खानदेशातल्या अनेक घरांत आजोबांनी जपून ठेवलेली चोपडी वाचू शकणारे कोणी उरले नव्हते. कुटुंब आर्थिकदृष्ट्या सावरले, पण एकाच घरातील दोन पिढ्या एकमेकींचे लिखाण वाचू शकत नाहीत ही किंमत त्याला मोजावी लागली, आणि समृद्धीकडे पाहून या समाजाला पूर्णपणे रुजलेला मानणारे ती किंमत सहसा विसरतात.

विस्थापनाचा मनावर होणारा परिणाम हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय याच सुमारास, पण जगाच्या दुसऱ्या टोकाला, झाला. झांबेझी नदीवरील करिबा धरणासाठी १९५० च्या दशकाच्या अखेरीस ग्वेंबे टोंगा समाजाच्या सुमारे ५७,००० लोकांना हलवण्यात आले. एलिझाबेथ कोल्सन आणि थेयर स्कडर या मानववंशशास्त्रज्ञांनी स्थलांतराच्या आधीपासून या लोकांचा अभ्यास सुरू केला आणि पुढे अनेक दशके तो चालू ठेवला. सक्तीने हलवलेल्या माणसांवर तीन प्रकारचे ताण एकाच वेळी येतात आणि ते एकमेकांना बळ देतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. पहिला शारीरिक, म्हणजे नव्या जागी वाढणारे आजार व मृत्यू. दुसरा मानसिक, ज्यात मागे राहिलेल्या घराचा शोक आणि पुढच्या दिवसांची चिंता हे दोन्ही येतात. तिसरा सामाजिक-सांस्कृतिक, म्हणजे विधी करता न येणे, पुढाऱ्यांचा शब्द न चालणे, काय योग्य आणि काय अयोग्य हे सांगणारी चौकट मोडणे. अशा काळात माणसे नवे प्रयोग करत नाहीत, ती ओळखीच्या माणसांना आणि ओळखीच्या रीतींना घट्ट धरून राहतात, हे त्यांचे निरीक्षण प्रशासनाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे होते, कारण नव्या वसाहतीत माणसे सुधारित शेती का स्वीकारत नाहीत याचे उत्तर त्यात होते. समाजमानसशास्त्रज्ञ मार्क फ्रीड यांनी १९६३ मध्ये बॉस्टन शहरातील पाडलेल्या वस्तीच्या रहिवाशांविषयी लिहिताना, घर गमावणाऱ्या माणसांचे दुःख हे जवळचे माणूस गेल्यावर होणाऱ्या शोकासारखेच असते असे दाखवले. पुढे समाजशास्त्रज्ञ मायकेल सर्निया यांनी विस्थापनातून येणाऱ्या दारिद्र्याचे आठ धोके मांडले, त्यांपैकी सात भूमिहीनता, बेकारी, बेघरपणा, उपासमार यांसारखे मोजता येण्याजोगे आहेत आणि आठवा धोका समाजाचे सांधे निखळण्याचा आहे, म्हणजे एकमेकांना मदत करण्याची जी न लिहिलेली व्यवस्था गावात असते ती मोडून पडण्याचा. नर्मदाकाठच्या गावांचे जे झाले ते समजून घेण्यासाठी हा आठवा धोका सर्वांत उपयोगी आहे.

सातपुड्याच्या या भागातील भिल्ल आणि पावरा कुटुंबांसाठी धरण ही पहिली बेदखली नव्हती. ब्रिटिशांनी १८१८ नंतर खानदेश ताब्यात घेतला तेव्हा डोंगरी वाटांवर हक्क सांगणाऱ्या भिल्ल नाईकांना त्यांनी एकीकडे लष्करी मोहिमांनी आणि दुसरीकडे १८२५ मध्ये धरणगाव येथे आउट्रम याने उभारलेल्या भिल्ल कोअरमध्ये भरती करून काबूत आणले. सपाटीवरची, विशेषतः शहादा-तळोदा पट्ट्यातली, भिल्लांची जमीन नंतरच्या शंभर वर्षांत कर्जाच्या मार्गाने सावकार आणि मोठ्या शेतकऱ्यांकडे गेली, आणि त्याच प्रश्नावर १९७२ मध्ये अंबरसिंग सुरतवंती यांच्या सहभागाने श्रमिक संघटना उभी राहिली. डोंगरात काठीसारखी लहान मेवासी संस्थाने टिकून होती, परंतु १८७८ च्या वनकायद्यानंतर जंगल सरकारचे झाले. अक्राणी आणि अक्कलकुव्यातील अनेक वस्त्या वनगावे म्हणून नोंदल्या गेल्या, म्हणजे ती गावे महसूल खात्याकडे न राहता वन खात्याच्या अखत्यारीत राहिली आणि तेथे पिढ्यान्‌पिढ्या शेती करणाऱ्यांच्या नावावर सातबारा कधी चढलाच नाही. धरणाची मोजणी करायला सरकारी माणसे आली तेव्हा कागदावर या शेतकऱ्यांची जमीन अतिक्रमण होती. जमिनीच्या बदल्यात जमीन मागायची तर आधी जमीन आपली होती हे सिद्ध करायचे, ही अट या कुटुंबांच्या वाट्याला आली. महाराष्ट्रातील बुडित क्षेत्रात अक्कलकुव्यातील ९ आणि अक्राणीतील २४ मिळून ३३ गावे होती, आणि त्यांतील माणसांची घोषित प्रकल्पग्रस्त आणि अघोषित प्रकल्पग्रस्त अशी जी विभागणी झाली ती बहुतांशी कागदाच्या असण्या-नसण्यावरून झाली. घोषित म्हणजे ज्याचे नाव सरकारी यादीत आहे तो. अघोषित म्हणजे ज्याचे घर त्याच पाण्यात जाते पण नाव यादीत नाही तो. एकाच पाड्यावरचे दोन भाऊ या रेघेच्या दोन बाजूंना गेल्याने जी फूट पडली ती पाणी चढण्याच्या आधीच पडली होती.

हा पाडा कसा असतो हे समजल्याशिवाय त्याचे मोडणे समजत नाही. पावरा आणि भिल्ल वस्तीत घरे रांगेने नसतात. प्रत्येक घर आपल्या शेताच्या कडेला, शेजाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर असते, भिंती बांबूच्या आणि सारवलेल्या, वर कौले. एका पाड्यात बहुधा एका कुळाची माणसे राहतात. घर शाकारायचे असो किंवा पेरणी-कापणीची घाई असो, लाह या नावाने ओळखल्या जाणाऱ्या श्रमाच्या देवाणघेवाणीतून सगळा पाडा एका घरी राबतो आणि ज्याचे काम असेल तो त्या दिवशी सर्वांना जेवू घालतो. पैसा न वापरता घर उभे राहते ते या रीतीमुळे. ज्वारी, मका, भगर, तूर ही पिके, जंगलातून मोह, चारोळी, डिंक, तेंदूपाने, औषधी मुळ्या, नदीतून मासे, आणि पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळावर केलेली शेती, असे उपजीविकेचे अनेक धागे असल्याने एक तुटला तरी दुसऱ्यावर वर्ष निघत असे. नदी ही सीमाही नव्हती. समोरचा काठ गुजरात किंवा मध्य प्रदेशात असला तरी लेकी तिकडे दिलेल्या असत आणि होडीने येणे-जाणे रोजचे होते. देवही विशिष्ट जागांचे होते. गावदेव, वाघदेव, पूर्वजांसाठी रोवलेले लाकडी खांब आणि दगड, राणी काजलचे स्थान, काठीच्या राजवाडी होळीची वाट, देवमोगऱ्याच्या याहा मोगीची यात्रा, या सगळ्यांतून आपण कोणाचे आणि कोठले हे माणसाला ठाऊक होत असे.

न्यायाधिकरणाने शंभर कुटुंबांमागे एक प्रार्थनास्थळ दिले तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर चार भिंती आणि छप्पर असलेली वास्तू होती. मणिबेलीजवळचे शूलपाणेश्वराचे जुने देऊळ बुडाले तेव्हा गुजरातेत गोरा येथे त्याचे नवे देऊळ बांधलेही गेले. टेकडीच्या विशिष्ट वळणावर उभ्या असलेल्या झाडात किंवा दगडात जो देव आहे त्याला मात्र हलवण्याचा विधीच नव्हता. पूर्वजांचे खांब सोडून गेल्यास पूर्वज रागावतील का, नव्या जागी त्यांना बोलावल्यास ते येतील का, हे प्रश्न वसाहतीतल्या वृद्धांपुढे खरेखुरे होते. कोल्सन आणि स्कडर ज्याला सामाजिक-सांस्कृतिक ताण म्हणतात तो हाच. ज्याच्या शब्दावर पेरणीचा मुहूर्त ठरत असे तो पुजारी सपाटीवरच्या काळ्या जमिनीत काहीच सांगू शकत नाही, आणि त्याचे न बोलणे सगळ्या कुटुंबांना जाणवते.

त्याहून वेगळा आणि बहुधा अधिक झिजवणारा ताण वाट पाहण्याचा होता. भूकंप किंवा दंगल एका रात्रीत होऊन जाते, धरण मात्र मीटरामीटराने चढते. नर्मदा धरणग्रस्तांची संघटना १९८० च्या दशकाच्या मध्यावर धुळे जिल्ह्यात मेधा पाटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून उभी राहू लागली. महाराष्ट्रातले पहिले बुडणारे गाव मणिबेली हे संघर्षाचे केंद्र झाले. १९९२ मध्ये तेथील घरे पोलिस बंदोबस्तात पाडली गेली, त्याच वर्षी जागतिक बँकेने नेमलेल्या मोर्स समितीने पुनर्वसनाच्या तयारीवर कठोर ठपका ठेवला आणि मार्च १९९३ मध्ये बँकेचे उरलेले कर्ज थांबले. त्या नोव्हेंबरात चिंचखेडी येथे मोजणीच्या वेळी झालेल्या पोलिस गोळीबारात एक किशोरवयीन आदिवासी मुलगा ठार झाला. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने भिंत सुमारे ८० मीटरवर थांबली, १९९९ मध्ये थोडी चढली, १८ ऑक्टोबर २००० च्या निकालाने ९० मीटरपर्यंत जायला मोकळी झाली, २००४ मध्ये ११० मीटर आणि २००६ मध्ये १२१.९२ मीटर झाली. २०१७ मध्ये दरवाजे बंद झाले आणि सप्टेंबर २०१९ मध्ये १३८.६८ मीटरपर्यंत जलाशय प्रथमच पूर्ण भरला. मणिबेलीत १९९० साली जन्मलेले मूल पाण्याची अखेरची पातळी पाहीपर्यंत एकोणतीस वर्षांचे झाले होते. या सगळ्या काळात घर नव्याने शाकारावे की नाही, आंबा लावावा की नाही, मुलाचे लग्न या उन्हाळ्यात करावे की पुढच्या, हे सगळे निर्णय पावसाळ्यात पाणी कोठवर येईल यावर अडलेले होते. जो पाऊस आधी पिकाचा होता तो संकटाचा झाला. डोमखेडीत पाण्यात उभे राहून केलेले सत्याग्रह जगाला प्रतिकार म्हणून दिसले आणि तो होताच, परंतु त्यांचा मनाच्या दृष्टीनेही अर्थ होता. अनिश्चिततेत एकट्याने कुढण्यापेक्षा सगळ्यांनी मिळून उभे राहणे माणसाला सावरते, आणि ज्या गावांत संघटना टिकली त्या गावांनी आपले सांधे अधिक काळ जपले, असे म्हणायला आधार आहे.

जी कुटुंबे हलली त्यांचे मार्गही वेगवेगळे झाले. पहिल्या टप्प्यात मणिबेलीची काही कुटुंबे गुजरातेत वडोदरा जिल्ह्यातील परवेटा येथे गेली, म्हणजे राज्य, शाळेची भाषा आणि तालुका कचेरी हे सगळे एकदम बदलले. महाराष्ट्रात थांबणाऱ्यांसाठी केंद्राच्या परवानगीने तळोदा परिसरातील वनजमीन मोकळी करण्यात आली, १९९० मध्ये २,७०० हेक्टर आणि पुढे आणखी १,५०० हेक्टर. तेथे सोमावल, रोझवा, नर्मदानगर अशा वसाहती उभ्या राहिल्या. पण ही जमीन रिकामी नव्हती. तिच्यावर तळोद्याचेच भिल्ल शेतकरी अतिक्रमणधारक म्हणून वर्षानुवर्षे कसत होते आणि तिच्यातील झाडे-गवत भोवतालच्या गावांचे होते. एका गरीब समाजाचे पुनर्वसन दुसऱ्या तितक्याच गरीब समाजाच्या ताटातून झाल्याने नव्याने आलेल्यांचे स्वागत शत्रू म्हणून झाले, आणि हे दोन्ही समाज भिल्लच असल्याने ते अधिक क्लेशदायक होते. शासनाच्या नियोजनातील ही चूक केवळ जमिनीच्या टंचाईने क्षम्य ठरत नाही. सरळ रेषेत आखलेल्या भूखंडांवर, एकमेकांना चिकटलेल्या घरांत, वेगवेगळ्या पाड्यांची आणि कुळांची माणसे यादीतल्या क्रमाने शेजारी आली. कोंबड्या, जनावरे, सांडपाणी यांवरून भांडणे झाली, आणि ती मिटवणारे कारभारी दुसऱ्याच वसाहतीत होते.

स्त्रियांचे नुकसान मोबदल्याच्या कोणत्याही रकान्यात बसत नव्हते. निवाड्याने सज्ञान मुलाला स्वतंत्र कुटुंब मानले, सज्ञान मुलीला मानले नाही. डोंगरात मोहाची फुले, चारोळी आणि कोंबड्या यांच्या विक्रीतून स्त्रीच्या हातात तिचा स्वतःचा पैसा येत असे आणि तो कसा खर्चायचा हे तीच ठरवत असे. देजा, म्हणजे लग्नात वरपक्षाने वधूपक्षाला द्यायचे मूल्य, ही रीतही स्त्रीच्या श्रमाची किंमत समाजाला ठाऊक असल्याचे लक्षण होती. वसाहतीत जंगल नसल्याने सरपण दुर्मीळ झाले, शेती ऊस-कापसासारख्या नगदी पिकांकडे वळली, बियाणे-खताच्या दुकानाशी व्यवहार पुरुषाचा झाला आणि मोबदल्याचा पैसाही त्याच्याच हाती आला. ज्या स्त्रीचे माहेर पलीकडच्या काठावर होते तिचे माहेर दुसऱ्या राज्याच्या वसाहतीत गेले. बाळंतपणात, आजारपणात, नवऱ्याच्या मारहाणीत जाऊन राहायची जागा एका दिवसाच्या पायवाटेवरून एसटीच्या दोन-तीन बदल्यांच्या अंतरावर गेली. स्त्रीच्या मनःस्वास्थ्याच्या दृष्टीने एवढी एक गोष्ट घराच्या भिंतींपेक्षा मोठी आहे.

जी कुटुंबे जलाशयाच्या कडेला, डोंगरात वर सरकून राहिली त्यांचा प्रश्न निराळा होता. नदीकाठची वाट बुडाल्याने दवाखाना आणि बाजार होडीवर अवलंबून राहिले आणि आरोग्य खात्याला तरंगता दवाखाना सुरू करावा लागला. शिक्षणाची पोकळी मात्र सरकारच्या आधी लोकांनीच भरायला घेतली. १९९० च्या दशकाच्या प्रारंभी चिमलखेडी, निमगव्हाण अशा गावांत धरणग्रस्तांच्या आंदोलनाने जीवनशाळा सुरू केल्या. गावातलेच तरुण शिक्षक, पावरी-भिलोरीतून सुरुवात आणि मग मराठी, जंगल-नदीचे ज्ञान अभ्यासक्रमात, असे त्यांचे स्वरूप होते. मुलांच्या मनावर त्यांचा परिणाम शाळेपलीकडचा होता, कारण मोठी माणसे मोर्चात, कोर्टात किंवा तुरुंगात असताना मुलांचा दिवस कोणत्या तरी नियमाने सुरू होऊन संपत असे. याच्या उलट दृष्टी सर्वोच्च न्यायालयाच्या २००० च्या निकालात दिसते. बहुमताच्या न्यायमूर्तींनी असे गृहीत धरले की आदिवासींना डोंगरातून सपाटीवर आणल्याने ते मुख्य समाजात मिसळतील आणि त्यांची उन्नती होईल, तर न्यायमूर्ती भरुचा यांनी स्वतंत्र भिन्न मत नोंदवले. रस्ता, वीज, शाळा यांची गरज त्या गावांना होती यात शंका नाही आणि वसाहतीतल्या अनेक कुटुंबांनी त्यांचा लाभही घेतला. परंतु रस्ता मिळण्यासाठी गाव गमवावे लागणे हा उन्नतीचा एकमेव मार्ग कधीच नव्हता, आणि तसे मानण्यात त्या गावांकडे जे होते त्याची किंमत शून्य धरली गेली.

सिंधी कुटुंबांशी तुलना येथे उपयोगी पडते. ती अक्षरओळख असलेली, व्यापाराची सवय असलेली, शहरात आलेली कुटुंबे होती आणि नवे राष्ट्र त्यांना आपले मानायला उत्सुक होते, हा फरक नाकारता येत नाही. पण त्याखेरीज आणखी एक फरक आहे. कराची किंवा शिकारपूर सुटताना त्यांची पंचायत त्यांच्या हातून सुटली नाही, तर नर्मदाकाठच्या कुटुंबांना जमीन मिळतानाच त्यांचा पाडा विस्कटला गेला. उकाई धरणाने १९७२ च्या सुमारास तापीकाठची जी आदिवासी गावे उठवली, त्यांत नवापूर परिसरातीलही गावे होती, आणि तेथे अनेक विस्थापितांची अखेर दक्षिण गुजरातच्या ऊसतोडीत झाली. पाडा विस्कटला की कुटुंबाचे काय होते, हा धडा सरदार सरोवराच्या वीस वर्षे आधीच खानदेशाच्या दाराशी लिहिला गेला होता.

स्कडर यांच्या मांडणीत पुनर्वसन तेव्हाच पूर्ण झाले असे धरतात, जेव्हा दुसरी पिढी वसाहतीचा कारभार स्वतःच्या हाती घेते. तळोद्याच्या वसाहतींत ही पिढी आता कर्ती झाली आहे आणि नेमक्या याच वेळी जमीन अपुरी पडू लागली आहे. निवाड्याने कुटुंबाची मोजणी एका ठरावीक तारखेवर केली. त्या तारखेला जो मुलगा अठरा वर्षांचा होता तो कुटुंब ठरला, जो दहा वर्षांचा होता तो बापाच्या रकान्यात राहिला, आणि आज त्याच्या दोन-तीन भावांचे संसार बापाला मिळालेल्या त्याच दोन हेक्टरांवर आहेत. डोंगरात अशा मुलाला पाडा वरच्या उतारावर शेत काढून देत असे आणि लाहेने घर बांधून देत असे. वसाहतीत उताराची सीमा सरकारने आखलेली आहे आणि लाहेला येणारी माणसे मजुरीला गेलेली आहेत. नंदुरबारच्या आदिवासी तालुक्यांतून दिवाळीनंतर कोयता घेऊन बारडोली-सुरतकडे जाणाऱ्या टोळ्या दरवर्षी निघतात आणि उन्हाळ्यात परततात, मधल्या काळात घरी म्हातारी माणसे आणि शाळेत नाव असलेली मुले राहतात. पुनर्वसन पूर्ण झाल्याचे अहवाल तयार करताना या रिकाम्या घरांतील कुटुंबांची पुन्हा एकदा, आजच्या सज्ञान मुला-मुलींसह, मोजणी करणे हे महाराष्ट्र शासनाचे राहिलेले काम आहे.